आंब्यावरची फळमाशी: हॅप्लोटाइप एवढे वेगवेगळे, पण पाचही तालुके सारखेच?

खारेवारे

नमस्कार मंडळी,

हापूसच्या बागांतल्या फळमाशीची जनुकीय विविधता तपासतो आहे. मे महिन्यात वेंगुर्ला, देवगड, राजापूर, रत्नागिरी आणि गुहागर या पाच तालुक्यांत मिथाइल युजेनॉलचा (नर माश्यांना ओढणारं आमिष) एकेक सापळा लावला. दर पंधरा दिवसांनी सापळे रिकामे करून माश्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवल्या. प्रत्येक ठिकाणच्या १२ माश्यांचा सीओआय जनुकाचा (मायटोकॉन्ड्रियातला, जात ओळखायला वापरतात तो) नेहमीचा ६५८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या ६५८ अक्षरांचा, तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेतून वाचून घेतला. खर्च वाचावा म्हणून एकाच बाजूने, फक्त फॉरवर्ड प्रायमरने (वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा).

हाती आलेलं असं: निम्म्याहून जास्त हॅप्लोटाइप (त्या तुकड्याची वेगवेगळी रूपं) एकेकट्या माशीतच सापडतात. तालुक्यांमधला एफएसटी (गटागटांतला जनुकीय फरक; शून्य म्हणजे फरक नाही) शून्याजवळ, काही जोड्यांत चक्क उणे. ताजिमाचा डी (दुर्मिळ बदलांचं प्रमाण दाखवणारा आकडा) ठळक उणे. ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुन्या नोंदींशी जुळवणारं साधन) बहुतेक माश्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस निघाल्या, पण काहींवर 'पपायी' आणि 'इन्व्हाडेन्स' अशी नावं येतात. तीन माश्या तर वंशवृक्षावर बाकीच्यांपासून फारच लांब पडल्या आहेत.

विचारायचं हे की विविधता इतकी जास्त आणि तालुक्यांत फरक काहीच नाही, हे एकाच वेळी कसं? बाहेरची जात शिरली आहे का? आणि यातून बागायतदाराला सांगण्यासारखं काही निघतं का?

दुसरी_बाजू

विविधतेचा अर्थ लावायच्या आधी ती माशीची आहे की सिक्वेन्सिंग यंत्राची, ते ठरवा. एकाच बाजूने वाचलेत, तिथेच पहिली शंका येते.

फ्रेड गुण (वाचनाचा दर्जा) २० म्हणजे १०० बेसमागे एक चूक. ६०० बेसचा तुकडा सगळा त्या दर्जाचा असेल तर दर माशीमागे सरासरी ६ चुका, म्हणजे प्रत्येक माशीचा हॅप्लोटाइप वेगळा येणारच. गुण ३० असला तरी ६०० बेसमागे ०.६. वाचनाचा मधला भाग सहसा याहून बराच चांगला असतो, घोळ असतो तो दोन्ही टोकांना. म्हणून क्रोमॅटोग्राम फाइल (वाचनाच्या शिखरांचा आलेख) उघडून डोळ्यांनी पाहा. नुसती फास्टा फाइल (फक्त अक्षरं) घेऊन पुढे गेलात तर हे कधीच दिसणार नाही.

चाचण्या तीन, तिन्ही फुकटात होतात.

एक. जे बदल फक्त एकाच माशीत आहेत त्यांची जागा मोजा. ते शेवटच्या ५०-६० बेसमध्ये गर्दी करून असतील तर ती टोकं कापा आणि सगळे तुकडे एकाच लांबीचे करा. वेगवेगळ्या लांबीचे तुकडे तसेच ठेवले तर काही सॉफ्टवेअर रिकाम्या जागेलाही फरक धरतात.

दोन. तेच बदल कोडॉनच्या (एका अमिनो आम्लाचा तीन बेसचा संकेत) कितव्या जागेवर आहेत ते पाहा. खरे बदल मोठ्या प्रमाणावर तिसऱ्या जागेवर असतात, कारण तिथे बदल झाला तरी अमिनो आम्ल बहुधा तेच राहतं. यंत्राच्या चुकांना कोडॉन कळत नाही. त्या तिन्ही जागांवर जवळजवळ सारख्या पसरतात. तुमच्या एकेकट्या बदलांपैकी तिसऱ्या जागेवर एक तृतीयांशच निघाले तर त्यातले बहुतेक खोटे समजा.

तीन. प्रथिनात भाषांतर करून पाहा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सर्वसाधारण कोड वापरणं. मायटोकॉन्ड्रियात टीजीए हा थांब्याचा नव्हे, ट्रिप्टोफॅनचा कोडॉन आहे. अपृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रियल कोड, म्हणजे तक्ता क्रमांक ५, निवडा आणि पहिला बेस सोडून दुसऱ्यापासून वाचा. २१९ अमिनो आम्लं सलग आली पाहिजेत. मध्ये थांबा आला किंवा एखादा बेस जास्त-कमी निघाला तर दोन शक्यता उरतात: ए-टीच्या लांब ओळीत वाचन घसरलं, किंवा केंद्रकातली मायटोकॉन्ड्रियाची जुनी, निकामी नक्कल वाढली गेली. एकाच जागी दोन शिखरं दिसत असतील तर दुसरी शक्यता बळावते.

आता ताजिमाचा डी. दुर्मिळ बदल फार झाले की तो उणे जातो. कीड वेगाने वाढत-पसरत असेल तर तसं होतं, हे पुस्तकी उत्तर. पण वाचनाच्या चुकासुद्धा नेमके दुर्मिळ बदलच तयार करतात आणि भलत्या जातीच्या तीन माश्या मिसळल्या तरी तेच होतं. त्या तीन माश्या बाजूला काढून, टोकं कापून आकडा पुन्हा काढा. त्यानंतरही तो उणेच राहिला तर मग विस्ताराबद्दल लिहा.

रिव्हर्स, म्हणजे दुसऱ्या बाजूने, वाचनाचा खर्च टाळू नका. सगळ्यांचं परवडत नसेल तर निदान एकेकट्या हॅप्लोटाइपांचं तरी करा. डीएनए उरला असेल तर पीसीआरचं (डीएनएचा तुकडा वाढवण्याची क्रिया) २५ मायक्रोलिटरचं मिश्रण असं: दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स १२.५, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी १, डीएनए २, पाणी ८.५. तापमान ९४ अंशांवर ४ मिनिटं. मग ३५ फेऱ्या ९४ ला ३० सेकंद, ४८ ते ५० ला ४५ सेकंद, ७२ ला १ मिनिट. शेवटी ७२ ला ८ मिनिटं. जेलवर ७१० च्या आसपास एकच पट्टी हवी. पाण्याची रिकामी नळी प्रत्येक वेळी सोबत लावा. तिच्यात पट्टी दिसली तर सगळा संच बाद.

पंखावरची_रेघ

पपायी आणि इन्व्हाडेन्सची धास्ती सोडा. इन्व्हाडेन्स ही आफ्रिकेत २००३ मध्ये सापडलेल्या माशीवरून २००५ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदली गेली होती. शरीररचना, मीलन चाचण्या आणि जनुकीय पुरावे एकत्र पाहून २०१५ मध्ये पपायी, फिलिपिनेन्सिस आणि इन्व्हाडेन्स या तिन्ही डॉर्सालिसमध्येच विलीन केल्या. जीनबँकेत (सिक्वेन्सचा सार्वजनिक साठा) जुन्या नोंदी जुन्याच नावांनी पडून आहेत, म्हणून ब्लास्ट ती नावं दाखवतो. तुमच्या तक्त्यात तिघींच्या जागी डॉर्सालिस लिहायला हरकत नाही.

कॅराम्बोली मात्र वेगळीच जात मानली जाते. ती आणि डॉर्सालिस सीओआयवरून भरवशाने वेगळ्या काढता येत नाहीत. तिथे केंद्रकातला आयटीएस-१ हा तुकडा पाहतात. कॅराम्बोलीत त्यात ४४ बेसची भर असते.

लांब पडलेल्या त्या तीन माश्या बहुधा झोनाटा किंवा करेक्टा आहेत. मिथाइल युजेनॉलला डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा या तिन्ही जातींचे नर येतात. डीएनए काढायच्या आधी दहापट भिंगाखाली पंख पाहिला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेने तपकिरी पट्टा सलग टोकापर्यंत जातो. झोनाटा आणि करेक्टात तो मध्येच तुटतो आणि टोकाशी सुटा ठिपका उरतो. मग चेहरा पाहा: झोनाटाला दोन सुटे काळे ठिपके, करेक्टाला ते जोडून झालेला आडवा काळा पट्टा.

म्हणून डीएनएसाठी अख्खी माशी कधी कुटायची नाही. मधला एक पाय पुरतो. बाकीची माशी पुरावा म्हणून जपायची, म्हणजे वंशवृक्षावर काही विचित्र दिसलं की परत जाऊन पाहता येतं. तुम्ही उरलेल्या माश्या ठेवल्या आहेत ना?

संत्रानगर

आमच्याकडची उलटी गोष्ट जोडतो, कारण या दोन्हींची तुलना उपयोगी पडेल. संत्र्यावरच्या सिट्रस सिलाचं (रस शोषणारी बारीक कीड) सीओआय पाहिलं तर विविधता अगदी तुटपुंजी दिसते. २०१२ च्या एका अभ्यासात १५ देशांतल्या २१२ किड्यांत मिळून अवघे ८ हॅप्लोटाइप निघाले. त्यावरून 'सिलात जनुकीय विविधताच नाही' असं म्हणण्याचा मोह होतो, तो टाळायला हवा. सिलात वोल्बाकिया हा जिवाणू जवळजवळ सर्वत्र असतो आणि तोही मायटोकॉन्ड्रियासारखाच आईकडून पिल्लांकडे जातो. एखादा वोल्बाकिया लोकसंख्येत पसरला की त्याच्यासोबत त्या आईचा मायटोकॉन्ड्रियाही पसरतो आणि बाकीचे मागे पडतात. केंद्रकातली विविधता तशीच राहते, सीओआय मात्र पुसलं जातं.

तुमच्याकडे विविधता भरपूर असल्याने असं काही अलीकडे घडलेलं दिसत नाही. तरी वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकाची पीसीआर चाचणी करून टाका, स्वस्त आहे. आणि हेही ध्यानात असू द्या की सीओआयचे हे सर्वसाधारण प्रायमर कधीकधी वोल्बाकियाचाच तुकडा वाढवतात.

खारेवारे

आभारी आहे. उरलेल्या माश्या आहेत. तिघींपैकी दोघींच्या चेहऱ्यावर आडवा पट्टा, एकीला दोन ठिपके. म्हणजे दोन करेक्टा आणि एक झोनाटा. ५५ व्या क्रमांकाच्या आधीचे आणि ६०० नंतरचे बेस कापले तर एकेकटे हॅप्लोटाइप बरेच कमी झाले, पण उरलेली विविधता तरीही चांगलीच आहे आणि एफएसटी शून्याजवळच. मग पाचही तालुक्यांत एकच लोकसंख्या असं लिहू का?

हिशोबनीस

नका लिहू, अजून नाही. उणे एफएसटी म्हणजे शून्यच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हॅप्लोटाइपांच्या वारंवारितेवर काढलेल्या एफएसटीची कमाल मर्यादा तालुक्याच्या आतल्या विविधतेवर ठरते. आतली विविधता ०.९५ असेल तर दोन तालुक्यांत एकही हॅप्लोटाइप सामाईक नसला तरी एफएसटी ०.०५ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर नुसत्या गणितात आहे: विविधता जास्त म्हणूनच फरक कमी दिसतो. सिक्वेन्समधलं अंतर धरणारा फायएसटी काढा, सोबत जोस्टचा डी (आतल्या विविधतेने न दबणारा फरकाचा आकडा) द्या आणि हॅप्लोटाइपांचं जाळं काढून त्यात तालुक्यांचे रंग भरा. रंग सगळीकडे मिसळले असतील तर बोलायला आधार मिळेल.

दुसरं, १२ माश्या फारच थोड्या. एखादा हॅप्लोटाइप लोकसंख्येत १० टक्के असेल तर तो १२ माश्यांच्या नमुन्यात अजिबात न सापडण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे २८ टक्के. ३० माश्या घेतल्या तर ती ४ टक्क्यांवर येते. ५ टक्क्यांचा हॅप्लोटाइप ९५ टक्के खात्रीने हवा असेल तर ५९ माश्या लागतात. सीओआय हे एकच जनुकस्थान आणि तेही फक्त आईच्या बाजूचं. 'एकच लोकसंख्या' म्हणायचं तर १० ते १२ मायक्रोसॅटेलाइट (केंद्रकातल्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) आणि ठिकाणागणिक २५ ते ३० माश्या एवढं तरी हवं. पैसे असतील तर संपूर्ण जीनोमभर विखुरलेले एसएनपी (एकेका बेसचे फरक). मायक्रोसॅटेलाइटांत विषमयुग्मी (आई-बापाकडून वेगवेगळी रूपं मिळालेल्या) माश्या अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या तर लगेच अंतःप्रजनन म्हणू नका. आधी पीसीआरमध्ये न वाढणारे अलील (जनुकाची रूपं) तपासा आणि चुकून दोन जाती मिसळल्या आहेत का ते पाहा. त्या दोन करेक्टा आत राहिल्या असत्या तर नेमकं हेच झालं असतं.

रायवळकर

माश्या गोळा करण्यात जास्त घोटाळा आहे असं माझं मत. आकडेमोड नंतर.

सापळे नेमके कुठे होते? फळमाशीच्या कामात सर्वांत फसवी जागा म्हणजे पॅकहाऊसचं मागचं आवार आणि बाजार समिती. चार तालुक्यांतला माल तिथे येतो, खराब फळं तिथेच टाकतात आणि अळ्या त्याच मातीत कोषात जातात. तिथल्या सापळ्यात तालुक्याची माशी मिळत नाही, मालाची मिळते. त्यावरून 'तालुक्यांत फरक नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून गावाची बोली ठरवणं. सापळा बागेच्या मध्यभागी, वाहतुकीच्या रस्त्यापासून आणि फळांच्या ढिगापासून दूर लावा. एका तालुक्यात एकच सापळा तर मुळीच नको; तीन-चार बागा, एकमेकींपासून काही किलोमीटर लांब.

शिवाय मिथाइल युजेनॉलला फक्त नर येतात. सीओआयसाठी ते चालतं, कारण नराचा मायटोकॉन्ड्रियाही आईचाच. पण आमिषाला दुरून उडत आलेला नर त्या बागेत जन्मलेला असेलच असं नाही. बागेतली वस्ती हवी तर फळं गोळा करा. इथे एक नियम मोडायचा नाही: एका फळातून एकच अळी. मादी एका वेळी अनेक अंडी घालते, त्यामुळे एका आंब्यातल्या दहा अळ्या बहुतेक सख्खी भावंडं. त्या दहाही मोजल्या तर एकच हॅप्लोटाइप दहापट फुगतो आणि खोटा फरक तयार होतो. म्हणजे सापळ्याने फरक झाकला जातो आणि फळाने तो उगाच वाढतो. दोन्हीकडून सांभाळावं लागतं. फळंही वेगवेगळ्या झाडांखालची घ्या.

फळं बारीक कोरड्या वाळूच्या थरावर जाळीने झाकून ठेवा. अळ्या वाळूत उतरून कोष करतात, ते चाळून वेगळे काढा. माशी बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस साखर-पाणी द्या, रंग पक्का झाल्यावरच मारा. कोवळ्या माशीच्या खुणा ओळखता येत नाहीत. थेट अळीतून डीएनए काढणार असाल तर प्रत्येक सिक्वेन्स ब्लास्ट करा. फोपियस अरिसानससारखी परजीवी गांधीलमाशी अळीच्या आत असली तर सीओआय तिचंही येऊ शकतं.

हंगामाचाही विचार करा. हापूस संपला की ही माशी पेरू, चिकू, देशी बदामावर जाते. पाचही ठिकाणचे नमुने एकाच पंधरवड्यात घ्या. वेंगुर्ल्याचे एप्रिलचे आणि गुहागरचे जूनचे अशी तुलना केली तर फरक जागेचा की काळाचा ते सुटत नाही.

सापळा १५ दिवस ठेवणं आणि सर्जिकल स्पिरिट या दोन्ही गोष्टी बदला. कोकणातल्या मे महिन्याच्या दमटपणात मेलेली माशी दोन-तीन दिवसांतच बुरशी धरते आणि तिचा डीएनए तुटतो. नमुन्यांसाठी सापळा २४ ते ४८ तासांनी रिकामा करा. माश्या शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवा. नळीचा पाचवा भाग माश्या, बाकी अल्कोहोल. एक दिवसाने ते ओतून नवीन घाला, कारण माशीच्या अंगातलं पाणी त्यात उतरून ते पातळ होतं. मग उणे २० अंशांवर. फॉर्मलिन अजिबात नाही.

कणीस_नाही_आंबा

मूळ तिसरा प्रश्न बाजूला पडला: बागायतदाराला काय सांगायचं?

फळमाशीचे नर-माद्या तालुक्याच्या हद्दीपलीकडे मिसळत असतील तर एका बागेने एकट्याने सापळे लावून माशी संपणार नाही. शेजारच्या रायवळ आंब्यांखाली कुजणारी फळं आणि परसातले पेरू हे तिचं कोठार. पडलेली फळं दररोज उचलून निदान दोन फूट खोल पुरणं, तेही अख्ख्या वाडीने एकाच वेळी, हाच पहिला उपाय. नर संपवण्याच्या पद्धतीने माशी समूळ गेल्याची उदाहरणं आहेत: मारियाना बेटांतल्या रोटावर १९६० च्या दशकात मिथाइल युजेनॉल आणि नॅलेड या कीटकनाशकात भिजवलेल्या तुकड्यांनी, जपानच्या रयुक्यू बेटांवर १९८६ पर्यंत. पण ती बेटं. कोकणात समुद्र एकाच बाजूला आहे.

हिशोबनीस

थोडी असहमती. तटस्थ खुणांत (ज्यांवर निवडीचा परिणाम होत नाही अशा जनुकीय खुणा) फरक नाही म्हणून कीटकनाशकाच्या प्रतिकारातही फरक नसेल असं धरू नये. माश्या मिसळत असल्या तरी ज्या बागांत वर्षानुवर्षं एकच औषध जातं तिथे प्रतिकाराचा अलील निवडला जाऊन वाढू शकतो. डॉर्सालिसमध्ये फेनिट्रोथिऑन या कीटकनाशकाच्या प्रतिकाराशी जोडलेले अॅसिटिलकोलिनएस्टरेज जनुकातले तीन बदल माहीत आहेत. स्पिनोसॅड या कीटकनाशकाच्या प्रतिकारात मज्जातंतूंच्या ग्राहीतल्या अल्फा-६ या उपएककाचा संबंध सापडला आहे. सीओआय वाचून यातलं काहीही दिसणार नाही. मिथाइल युजेनॉललाच न येणारे नर निवडता येतात हेही प्रयोगशाळेत १९९७ मध्ये दाखवलं गेलं आहे. म्हणून सापळ्यात माश्या कमी आल्या म्हणजे बागेत कमी झाल्या असं समजू नका, फळांतला डंखही मोजा.

प्रतिकार पाहायचा तर जैवचाचणी. फळांतून काढलेल्या, ४-५ दिवसांच्या माश्या. काचेच्या कुप्यांत औषधाचं अॅसिटोनमधलं द्रावण घालून कुपी फिरवत वाळवायची. पाच-सहा तीव्रता, प्रत्येकी तीन कुप्या, कुपीत १० माश्या. शिवाय फक्त अॅसिटोनच्या कुप्या. २४ तासांनी मेलेल्या मोजा. नुसत्या अॅसिटोनमध्ये २० टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी बाद, ५ ते २० च्या दरम्यान असतील तर अॅबटच्या सूत्राने (औषधाविनाची मर वजा करणारं) दुरुस्ती.

पंखावरची_रेघ

सीओआयचा सर्वांत रोकडा उपयोग राहिलाच: आंब्यात सापडलेल्या अळीचं नाव. अळी पाहून जात सांगणं कठीण, सीओआय ते बहुतेक वेळा सांगतं. फळमाशीवरून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंबा थांबवला, तो जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा वेळी एका अळीचं नाव किती महाग पडतं ते निर्यातदारांना विचारा. म्हणून तुमचे खात्रीचे सिक्वेन्स, माशीचा फोटो आणि बागेच्या अक्षांश-रेखांशासह सार्वजनिक नोंदवहीत टाका.

खारेवारे

खूप मदत झाली. रत्नागिरीचा सापळा पॅकहाऊसच्या मागेच होता, तो आता रद्द. पुढच्या मेमध्ये तालुक्यागणिक तीन बागा, बागेगणिक १० फळांतून १० माश्या असं धरतो. सापळे फक्त तुलनेसाठी. ठोकळे भिजवायला इथेनॉल, मिथाइल युजेनॉल, मॅलॅथिऑन ६:४:१ हेच प्रमाण ना? मॅलॅथिऑनमुळे पीसीआर अडेल का?

रायवळकर

हो, प्रमाण तेच. प्लायवूडचे ठोकळे त्यात ४८ ते ७२ तास बुडवून ठेवा, हातमोजे घालून. पायातून काढलेल्या डीएनएला मॅलॅथिऑनचा त्रास होऊ नये, धुण्याच्या पायऱ्यांत ते निघून जातं. अडथळा येतोय असं वाटलंच तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. चाललं तर दोष अडथळ्याचा, नाही चाललं तर बहुधा डीएनएच तुटलेला.

आणि चिठ्ठी नळीच्या आत टाका, पेन्सिलने लिहिलेली: गाव, बाग, झाड, फळ, तारीख. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि दीडशे नळ्या एकसारख्या निळ्या दिसू लागतात.